पळसाच्या पानांचा भाऊ

११ ऑक्टोबर २०२३, बुधवार. सिद्धेश्वर

आज मुंजादादाचं पित्र होतं. माझा थोरला भाऊ. दरवर्षी पितृपक्षातल्या द्वादशीला घालतो, यंदाचं सदतिसावं.

वैनीने सकाळी सातलाच चूल पेटवली. खीर, वडे, कढी, गवारीच्या शेंगा, सगळं केलं आणि नेहमीसारखी स्वतः जेवली नाही. उपवास आहे म्हणाली. द्वादशीला कसला उपवास, हे विचारणं मी कधीच सोडून दिलंय. वैनी म्हणजे शकुबाई, दादाची बायको. अंगणापलीकडच्या खोलीत राहते. माझी नर्मदा जाऊन चार वर्षं झाली, मुलगा योगेश पुण्याला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच उरलोय. वैनी दोन वेळा ताट आणून ठेवते, "जेवा भाऊजी" म्हणते आणि निघून जाते. दिवसाचे आमचे शब्द मोजले तर वीस भरायचे नाहीत.

नासेर दरवर्षी या दिवशी जेवायला येतो. तो आणि दादा कालव्याच्या वर्कशॉपात बरोबर होते. आज जेवून, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकल्यावर त्याने खिशातून एक फोटो काढला.

"पैले जेवून घेतलो हरिभाऊ, माफ करा. आधी दाखवलो असतो तर घास उतरला नसता. ना तुमचा ना माझा."

फोटोत एक माणूस डोझरला टेकून उभा. पोट सुटलेलं, डोक्यावर टोपी, पण उभं राहण्याची ढब दादाचीच. मागे हिंदीत लिहिलेलं: "भाई ओमप्रकाश को मुंजा की राम राम. मोरोगोरो, दिवाली १९८८." ओमप्रकाश म्हणजे दादाबरोबर आफ्रिकेला गेलेला खांडव्याचा ऑपरेटर, नासेरच्याही ओळखीचा. तो पुढे परत आला आणि या उन्हाळ्यात वारला. नासेर अकोल्याला लग्नाला गेला होता, तिथे ओमप्रकाशच्या मुलीने त्याला हा फोटो दिला.

१९८८. आम्ही दादाला १९८६ साली जाळला होता.

तेवढ्यात वैनी ताक घेऊन आली. मी फोटोवर वर्तमानपत्र टाकलं. तिने दोन्ही पत्रावळी उचलल्या आणि गेली. बरं झालं, तिने पाहिलं नाही. डोळ्यांना कमीच दिसतं आता तिला.

१२ ऑक्टोबर

सगळं एकदा लिहून काढतो, म्हणजे डोक्यातलं गढूळ पाणी निवळेल.

१९७३, दुष्काळाचं दुसरं वर्ष. दादा तेव्हा कालव्याच्या कामावर डोझर चालवायचा. एका ठेकेदाराने सात ऑपरेटर धरणाच्या कामाला बोटीने आफ्रिकेत नेले, त्यात तो गेला. वैनीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोन पत्रं आली, दुसरं चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला. पुढे काहीच नाही.

चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी साली माझी दोन लेकरं गेली. दोन्ही जन्मून पंधरा दिवसांच्या आत. तेव्हाचे गुरुजी म्हणाले, घरचा माणूस बारा वर्षं बेपत्ता म्हणजे तो गेला. त्याला गती मिळाली नाही म्हणून तो वंश वाढू देत नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या. आमचे वडील वारले होते, निर्णय माझ्यावर आला. मी वैनीला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"लेकरू जगंल का त्यानं?"

"गुरुजी म्हणतेत."

"मंग करा," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पूर्णेच्या काठावर पळसाची तीनशे साठ पानं मांडून माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ. अग्नी मी दिला. बायकांनी वैनीच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. ती रडली नाही. गाव तिला दगड म्हणालं, आणि खरं लिहायचं तर मीही मनात तेच म्हणालो. पुढच्या वर्षी योगेश झाला आणि जगला. नर्मदा वर्षभर आजारीच होती. त्याला वैनीनेच वाढवलं, शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजून.

मी एकतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. गेजची पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाण्याचा आकडा लिहायचा नाही, हा माझा नियम. वरच्या साहेबाशीही त्यावरून भांडलोय. भावाचं मरण मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलं. नवरा जिवंत असताना एका बाईला मी विधवा केली. दादा पुढे किती वर्षं जगला, कुणासोबत, हे मला कळलंच पाहिजे, आणि कळलं की वैनीला सांगावं लागेल. कसं, ते आज सुचत नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

मोरोगोरो हे टांझानियातलं गाव. तिथे हिंदू देऊळ आहे असं नासेरची सून सबीहा हिने मोबाईलवर शोधून दिलं. ती औंढ्याला इंग्रजी शिकवते. देवळाच्या नावाने मी पत्राचा मसुदा केला. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, असं रीतसर. सबीहा वाचून हसली.

"चाचा, ये चिठ्ठी है के नोटीस?"

तिने नीट माणसासारखं इंग्रजी करून दिलं. काल औंढ्याला जाऊन टाकलं.

दुपारी योगेशचा फोन आला. त्याला फोटोचं सांगितलं, पण त्यावरचं साल सांगायचं टाळलं. तो म्हणाला, "बाबा, पन्नास वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार? उलट त्यांची पोरं उगवतील आणि शेतात वाटा मागतील." मग म्हणाला, मोठीमायला द्या. वैनीला तो मोठीमाय म्हणतो. माझ्याशी दीड मिनिट, तिच्याशी अकरा. मी घड्याळ पाहत होतो, ही सवय काही चांगली नाही.

१४ डिसेंबर

उत्तर नाही. हळदीला पाणी देऊन आलो. पोस्टमनची गाडी वाजली की उठतो आणि पुन्हा बसतो.

आज वैनी म्हणाली, "भाऊजी, कागदाची वाट बघून राहिले का?"

"न्हाई."

"मंग दर टायमाला उठता काहून? कागदाचं काय खरं नसतं. आला तरी अन् न्हाई आला तरी."

तिला अक्षरओळख नाही. पत्राची ओढ तिला काय कळणार.

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार

नासेर सायकलवरून धापा टाकत आला. पत्रात सबीहाचा नंबर दिला होता, त्यावर देवळाच्या म्हाताऱ्या गुजराती ट्रस्टीचा आवाज आलाय. हिंदीत. मी चारदा ऐकला.

मुंजा फुंडीला सगळं गाव ओळखायचं, म्हणतात. फुंडी म्हणजे तिकडे मिस्त्री. देवळात फक्त दिवाळीला यायचा, मागे उभा राहायचा, प्रसाद घेऊन जायचा. जाऊन दहा-बारा वर्षं झाली. बायको मारिया, तीही गेली. मुलगा जोसेफ ट्रक चालवतो. नात नीमा दार-ए-सलामला औषधांच्या दुकानात आहे. तिचा नंबर दिलाय. पूर्ण नाव नीमा जोसेफ मुंजा.

आमच्या दादाचं नाव तिकडे आडनाव झालं. मला हसू आलं आणि मग रडू आलं. नासेर खांद्यावर हात ठेवून बसला. अंगणात वैनी शेंगा फोडत होती, तिने वर पाहिलं नाही.

५ फेब्रुवारी

निरोप पाठवला. उत्तर तासाभरात आलं. सबीहाने वाचून दाखवताना दोनदा घसा खाकरला. "माझा नंबर कुणी दिला? माझ्या आजोबांना नातेवाईक नव्हते. आमच्याकडे द्यायला पैसे नाहीत."

इकडे योगेशला वाटतं ते शेत मागतील, तिकडे तिला वाटतं आम्ही पैसे मागू. घोडं इथेच अडलंय. हिंगोलीच्या स्टुडिओत काढलेला आम्हा दोघा भावांचा फोटो पाठवला, मी बारा वर्षांचा आणि दादा एकोणीसचा. खाली फक्त माझं नाव लिहिलं.

८ मार्च, महाशिवरात्र

महिन्याने उत्तर आलं. तिने फोटो तिच्या वडिलांना दाखवला. जोसेफ रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवून बराच वेळ बसून राहिला, असं लिहिलंय. दादा २ मार्च २०११ला गेला. जुनं पंचांग काढून पाहिलं, तीही महाशिवरात्रच होती. त्या दिवशी मी औंढ्याच्या जत्रेत होतो. रेवड्या घेतल्या होत्या.

म्हणजे पुतळा जाळल्यावर तो पंचवीस वर्षं जगला. एवढी वर्षं आम्ही जिवंत माणसाचं पित्र घातलं आणि कावळ्याने घास घेतला म्हणून हात जोडले. आणि तेवढीच वर्षं वैनी हळदी-कुंकवाला कुणाच्या दारात गेली नाही. योगेशच्या लग्नात मांडवात सगळ्यांत मागे, खांबाआड बसली होती. मुंडावळ्या तिने बांधाव्यात म्हणून तो हटून बसला, तर हीच उठून पलीकडे गेली. मी तेव्हा काहीही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

२१ एप्रिल, रविवार

नासेरच्या घरी, सबीहाच्या मोबाईलवर नीमा दिसली. रंग तिकडचा, कपाळ आमच्या घरातलं. पांढरा कोट घालून दुकानाच्या मागच्या खोलीत बसली होती. वडील तिच्या बाजूला, पण ते समोर यायला तयार नव्हते, नुसता खांदा दिसत होता. ती हळू इंग्रजी बोलायची आणि सबीहा सांगायची.

"आजोबा म्हणायचे, माझं सगळं गाव दुष्काळात मेलं. आई, बाप, भाऊ. कुणी उरलं नाही."

मी म्हणालो, "आमी त्याला मारलं, त्यानं आमाला. फिटंफाट झाली." सबीहाने याचं इंग्रजी केलं नाही.

मी विचारलं, असं का म्हणायचा? ती वडिलांशी त्यांच्या भाषेत बोलली. मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. ब्याऐंशी साली जोसेफ झाला, तेव्हा दादाने घरी एक पत्र पाठवलं होतं. आत फोटो. नंतर दोन वर्षं तो दर शनिवारी पोस्टात जायचा. जोसेफला खांद्यावर बसवून. एका शनिवारी गेला नाही. तेव्हापासून विचारलं की म्हणायचा, सगळे मेले.

असं पत्र आमच्याकडे आलंच नाही. आलं असतं तर पुतळा कशाला झाला असता? कुठल्या बोटीत, कुठल्या गोणीत पडून राहिलं कोण जाणे. एका कागदापायी तीन माणसांचं आयुष्य गेलं. माझा राग कुणावर काढावा तेही कळेना.

शेवटी नीमाने विचारलं, "त्यांना ओळखणारं अजून कोण आहे तिकडे?"

सबीहाने माझ्याकडे पाहिलं.

"मी हाये," मी म्हणालो.

"तुम्ही एकटेच?"

"व्हय."

घरी आलो तर ताट झाकून ठेवलेलं होतं. वरण निवलं होतं. तसंच खाल्लं.

९ जून

दीड महिना झाला. रोज ठरवतो की आज सांगू. वैनी ताट ठेवते, मी तोंड उघडतो आणि विचारतो, मीठ हाये का. मीठ समोरच असतं.

तिला काय सांगायचं? की तुमचं कपाळ मी फुकट पुसलं? एकोणसत्तर वर्षांची आहे. या वयात हे ओझं तिच्या डोक्यावर द्यायचं की माझ्याच उरावर ठेवायचं? नासेर म्हणतो, "उनकी अमानत हाये हरिभाऊ, तुमची न्हाई." त्याचं बराबर आहे. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज सांगितलं.

दुपारी ताट ठेवून ती निघाली, तेव्हा म्हणालो, "वैनी, बसा जराक." ती उंबऱ्याशी बसली. सुपात तूर घेऊनच बसली आणि खडे वेचू लागली. मी काय काय जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो आणि पंचनामा वाचावा तसं बोललो. दादा पुतळ्याच्या साली जित्ता व्हता. दोन हजार अकराला गेला. तिकडं दुसरं घर केलं व्हतं. पोरगं हाये, नात हाये. पुतळा म्या जाळला, चूक माही हाये.

तिचे हात थांबले नाहीत.

"ठावं हाये," ती म्हणाली.

"काय ठावं हाये?"

"जित्ते व्हते ते. कागद आला व्हता. तुमी कालव्यावर व्हते, म्या शेतात. पोस्टमननं मह्याच हाती देला. फोटू व्हता आत. हे, एक बाई, बाईच्या मांडीवर लेकरू. फोटू वाचाया साळा लागती का?"

"अन् कागद?"

"चुलीत घातला. फोटू बी. भाकरी भाजल्या त्याच्यावर."

ताटातली भाकरी तशीच होती. ती बाजूला सारून मी विचारलं, "मंग बांगड्या काहून फोडू देल्या?"

"तुमचे दोन लेकरं म्या या हातानं मातीत ठिवले, भाऊजी. गुरुजी म्हणले, मेला म्हणा तर लेकरू जगंल. मह्यासाठी तर ते फोटूतच मेले व्हते. म्हणलं, लोकाच्या तोंडानं मेला म्हणल्यानं एक जीव ऱ्हातो, तर ऱ्हाऊ द्या." तिने सूप पाखडलं. "पित्राचं तेवढं खाणं झालं न्हाई. जित्त्या माणसाच्या नावाचं कसं खावं? नंतर मंग सवयच पडली."

सदतीस वर्षं ताट तिने वाढलं आणि मला वाटत होतं दगड आहे. माझ्यासमोर ती जे जे गिळत गेली त्यातलं काहीच मला दिसलं नाही, आणि मी म्हणे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहीत नव्हतो. मी रडलो. तिने रडू दिलं, समजूत घातली नाही.

मग तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "मरताना कोण व्हतं जवळ?"

"बायको. अन् पोरगं."

"एकले न्हवते मंग. बरं झालं."

दुसरी, सूप घेऊन उठता उठता, पाठमोरी. "त्या कागदात काय आसंल हो लिहिलेलं?"

"खुशाली आसंल," मी म्हणालो. "तेवढंच लिहितेत लोक."

"व्हय," ती म्हणाली. दारात थांबून पुन्हा बोलली. "योगेशला सांगू नका. शिकलेला हाये, सालं जुळवून बघंल. कागद आदी, पुतळा मंग, त्याच्यामागं आपुन. त्याला वाटंल, मोठीमायच्या कपाळावर पाय ठिवून आलो. जल्मभर लागंल लेकराला."

२३ ऑगस्ट

शनिवारचं मी तिला सांगितलं नाही. दोन वर्षं, लेकरू खांद्यावर, पोस्टाची खिडकी. त्या पत्रात त्याने काय मागितलं असेल? माफी, की तिला बोलावणं, की नुसतं पोरगं झाल्याचं कौतुक? ते आता चुलीलाच माहीत. तिने विचारलं तेव्हा ओठावर आलं होतं. पण आलेल्या कागदाची राख झाली, आणि त्याच्या उत्तराची कुणी दोन वर्षं वाट पाहत होतं, हे ऐकून ती काय करणार? ती योगेशला जे सांगू देत नाही, तसंच हे आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं काहीतरी कळलं असं वाटतं.

नीमालाही कळवलं नाही. तिने विचारलंय, आजोबांच्या नावाने तिकडे काही करता का. वर्षातून एकदा जेवण करतो, असं लिहिलं. तिला आवडलं.

२९ सप्टेंबर, रविवार. द्वादशी

आज पित्र घातलं नाही. वैनीने विचारलं नाही, मीही काढलं नाही. नासेरला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. अकरा वाजता ती दोन ताटं घेऊन आली. बेसन, भाकरी, कांदा. एक माझ्यासमोर ठेवलं आणि दुसरं घेऊन पलीकडच्या भिंतीला टेकून बसली. आम्ही जेवलो. सासरी आल्यापासून त्रेपन्न वर्षांत ती माझ्यासमोर बसून कधी जेवली नव्हती. मीठ कमी होतं, तिलाही कळलं, तिनेच उठून आणलं.

दोनच्या सुमाराला योगेशचा फोन आला.

"काय बाबा, काकांचं काही लागलं का?"

"नाही रे. पत्ताच चुकीचा निघाला."

"मी म्हटलं होतं ना. उगीच वर्षभर डोकं शिणवलं तुम्ही. मोठीमायला द्या."

दिला. ती बोलत होती, स्वेटर घे, थंडी यायच्या आत घे, पोराला दूध देता का. हसलीसुद्धा एकदा. मी आज घड्याळ पाहिलं नाही. फोन परत देताना तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

दिवाळीला योगेश येणार आहे. आला की कपाटं उघडतो, कागद चाळतो, हे ठेवा ते टाका करतो. ही वही घरात राहून चालणार नाही. फाडायला हात होत नाही, कारण दादा कुठे जगला आणि कधी मेला हे या जिल्ह्यात आणखी कुठेही लिहिलेलं नाही. नासेरच्या ट्रंकेत ठेवायला देतो. त्याला वाचता येतं, पण तो वाचणार नाही. उन्हं उतरली की जाऊन देऊन येतो.

एवढं सगळं मी फक्त या वहीलाच सांगत होतो. उद्यापासून कुणाला सांगायचं? वैनी बाहेर भांडी घासतेय. विचारून पाहतो, चहा घेते का.